अ‍ॅक्युपंक्चर: चालू औषधांच्या जोडीला कोणी घेतलंय का?

मांजरपाट | १२ जून, रात्री १०:४७

नमस्कार. एरवी मी इथे नुसती वाचत असते, आज मात्र विचारायचंच आहे.

आई ६६ वर्षांची, नाशिकला असते. दोन वर्षांपूर्वी उजव्या स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं पार पडलं. आता कॅन्सर परत उलटू नये म्हणून रोज लेट्रोझोलची एक गोळी, पाच वर्षं. त्यातले चौदा महिने झाले. रिपोर्ट चांगले आहेत, रड आहे ती सांध्यांची. सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही. चहाचा कप दोन्ही हातांनी धरते. तुपाच्या बरणीचं झाकण शेजारच्या काकूंकडून उघडून आणते. एका बैठकीत तीस-पस्तीस पोळ्या लाटणारी बाई आता साडीची पिन लावायला बाबांना हाक मारते, आणि बाबा ती पिन पदराआधी स्वतःच्या अंगठ्यात खुपसून घेतात.

परवा फोनवर म्हणाली, "कॅन्सरनं एवढं नाही छळलं जेवढं ही गोळी छळतेय. बंद करते मी आता." ऐकून माझ्याच पोटात गोळा.

मामेबहीण अ‍ॅक्युपंक्चर घेते, तिच्या ओळखीच्या एकांकडे आईला नेलं. त्यांनी नाडी बघितली, जीभ बघितली आणि म्हणाले, "पंधरा सिटिंग घ्या, मग त्या गोळीची गरजच उरणार नाही." मी आईला उठवलं आणि थेट रिक्षात बसवलं. पण ते वाक्य तिच्या डोक्यात घर करून बसलंय.

गोळी चालू ठेवून फक्त दुखण्यासाठी सुया घेतल्या तर फरक पडतो का? कॅन्सरच्या डॉक्टरांना सांगायचं, की ते उडवून लावतील? उजव्या काखेतल्या गाठी काढल्यात, त्या हाताला सुई चालते का?

(कोमट पाणी आणि हळद सोडून बोला प्लीज. ते व्हॉट्सअ‍ॅपवर पोत्याने आलंय.)

तिखटमीठ | १२ जून, रात्री ११:०५

हळद नको, बरं. मग मेथीदाणे? आमच्या सोसायटीत निम्म्या बायका बोटांना चिकटपट्टीखाली मेथी लावून फिरतात. यंदा पावसाळा जोरात झाला तर मोड येतील अशी मला भीती आहे.

दिवे घ्या, गंमत केली. आईंना लवकर बरं वाटो.

गोदाकाठ | १२ जून, रात्री ११:३१

@तिखटमीठ, ते मेथीवालं सुजोक. कोरियातून आलेलं. तळव्यावर आख्खं शरीर कल्पून तिथे दाबतात. अ‍ॅक्युप्रेशर म्हणजे सुई न टोचता दाबणं. फिजिओ लोक आखडलेल्या स्नायूच्या गाठीत सुई घालतात ते ड्राय नीडलिंग. सुई तीच, विचार वेगळा. आणि रबरी काट्यांची चप्पल ही वेगळीच शिक्षा, ती आमच्या सासऱ्यांनी घेतली आणि आता कुंडीखाली ठेवलीय.

मांजरपाट, "गोळीची गरज उरणार नाही" म्हणणाऱ्याकडून उठून आलात हे सर्वात चांगलं केलंत.

कोकणकन्या | १३ जून, सकाळी ७:५२

मी घेतलंय, कॅन्सरसाठी नाही, खांद्यासाठी. सविस्तर लिहिते, कारण मला तेव्हा कोणी सविस्तर सांगितलं नव्हतं आणि मी देवाचं नाव घेत गेले होते.

मला डायबेटिस आहे. २०१७ ला डावा खांदा धरला, फ्रोझन शोल्डर. हात खांद्याच्या वर जाईना, मागे तर बातच नको. ऑर्थोपेडिकनी गोळ्या दिल्या, फिजिओ लावला, आणि दोन महिन्यांनी तेच म्हणाले की आमच्याच हॉस्पिटलमध्ये एक एमबीबीएस बाई सुया देतात, फिजिओ न थांबवता जाऊन बघा. म्हणजे मला अ‍ॅलोपॅथीवाल्यांनीच पाठवलं होतं.

खोलीत एक पलंग, वर पंखा, पायाशी एक लाल दिवा. बाईंनी आधी कागद भरून घेतला: रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, पेसमेकर आहे का, इंजेक्शन बघून चक्कर येते का. मग पाकीट माझ्यासमोर फोडलं. सुई इंजेक्शनसारखी नसतेच मुळी. पोकळ नाही, भरीव, केसापेक्षा थोडी जाड, लवलवती. एका बारक्या प्लास्टिकच्या नळीत असते. नळी कातडीला टेकवायची आणि वरून बोटाने टिचकी. टिचकीचाच आवाज येतो, टोचलेलं कळत नाही. त्यानंतर त्या सुई थोडी फिरवतात आणि तेव्हा जे होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही. दुखणं नव्हे, मुंग्याही नव्हेत. आतून कुणीतरी जड हाताने दाबून धरल्यासारखं. चिनी लोक त्याला 'द-छी' म्हणतात असं बाईंनी सांगितलं. खांद्यासाठी एक सुई गुडघ्याखाली नडगीजवळ टोचली होती आणि ती असताना हात वर करायला लावला. माझा विश्वास बसेना, पण वीतभर जास्त गेला.

आठव्या सिटिंगनंतर ब्लाउजचे मागचे हुक स्वतः लावले. दीड वर्षात पहिल्यांदा. नवऱ्याची नोकरी गेली.

तिखटमीठ | १३ जून, सकाळी ८:१०

शेवटची ओळ वाचून चहा नाकात गेला.

शंकेखोर | १३ जून, सकाळी ९:२६

कोकणकन्या, अनुभव छान लिहिलाय, पण फ्रोझन शोल्डर हा वर्ष-दोन वर्षांत बऱ्याच जणांचा आपणहून सुटतो. तुमचा दीड वर्ष झाल्यावर सुटला. सुया घेतल्या नसत्या तर सुटला नसता हे कशावरून?

मूळ अडचण अशी की अ‍ॅक्युपंक्चरची खोटी गोळी, म्हणजे प्लासिबो, बनवणं अवघड. तरी जर्मन लोकांनी प्रयत्न केला. 'जेराक' नावाने मोठ्या चाचण्या झाल्या. कंबरदुखीची २००७ मध्ये छापून आली, ११६२ रुग्ण. एका गटाला पुस्तकातल्या बिंदूंवर सुया, दुसऱ्याला भलत्याच ठिकाणी वरवर सुया, तिसऱ्याला नेहमीचे उपचार, म्हणजे औषधं आणि व्यायाम. सहा महिन्यांनी फरक पडलेले: खऱ्या सुयांत ४७.६ टक्के, खोट्यात ४४.२, नेहमीच्या उपचारात २७.४.

बघा आता. कुठेही टोचा, जवळपास तेवढंच. मग ते मेरिडियन (ऊर्जेच्या वाटा), ती 'छी' (म्हणजे ती ऊर्जा), बिंदूंचे तक्ते, सगळं कशासाठी?

स्टुटगार्टकर | १३ जून, दुपारी १:४४

शंकेखोर, आकडे बरोबर, पण तिसरा आकडा तुम्ही घाईत ओलांडलात. खोट्या सुयासुद्धा नेहमीच्या उपचारांच्या पुष्कळ पुढे गेल्या. इथे जर्मनीत त्यानंतर काय झालं माहितेय? २००७ पासून सरकारी विमा जुनाट कंबरदुखी आणि गुडघ्याच्या झिजेसाठी अ‍ॅक्युपंक्चरचे पैसे देतो. डोकेदुखीसाठी देत नाही. तर्क सरळ: सिद्धांत गेला खड्ड्यात, रुग्णाला बरं वाटतंय ना, आणि पेनकिलरने पोट तर जळत नाही.

माझ्या बायकोच्या गुडघ्याला हाउसआर्ट्झिन, म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टरीणबाई, स्वतःच सुया देतात. त्याच टेबलावर रक्तदाबाची चिठ्ठी लिहितात.

शंकेखोर | १३ जून, दुपारी २:०२

म्हणजे जर्मन सरकार प्लासिबोचे पैसे भरतंय. श्रीमंत देश आहे, परवडतं.

स्टुटगार्टकर | १३ जून, दुपारी २:१५

गुडघा दुखायचा थांबला की प्लासिबोचं बिलसुद्धा आनंदाने भरता येतं.

पुराणपुरुष | १३ जून, सायंकाळी ६:३०

खरं म्हणजे हे शास्त्र मूळचं आपलंच. सुश्रुतसंहितेत वेधन आहे, मर्मस्थानं आहेत. बौद्ध भिक्षूंनी ते चीनला नेलं. आपण विसरलो, त्यांनी जपलं आणि आता आपल्यालाच विकतात.

सोलापुरी चादर | १३ जून, रात्री ८:१८

पुराणपुरुष, सुश्रुतातला शिरावेध म्हणजे शीर उघडून रक्त काढणं. सुई टोचून वीस मिनिटं निजवणं नव्हे. आणि मर्मस्थानं दिलीत ती तिथे इजा होऊ देऊ नका म्हणून, टोचा म्हणून नाही. चीनमध्ये मावांगदुईला इसवीसनपूर्व १६८ ची कबर सापडली, तिच्यातल्या रेशमी पोथ्यांत शरीरातल्या वाहिन्या आहेत, त्या वाटांवर चटके द्यायला सांगितलंय, सुया मात्र नाहीत. पुढे शे-दोनशे वर्षांत सुया आल्या. बौद्ध धर्म तिथे पोचला त्यानंतर. आपल्याकडे काय कमी आहे का, की दुसऱ्याचंही आपलंच म्हणायचं.

जाता जाता, चिनी लोकांनाही हे प्रकरण कायम प्रिय होतं असं नाही. १८२२ मध्ये बादशहाने दरबारी वैद्यक संस्थेतून अ‍ॅक्युपंक्चर काढूनच टाकलं होतं.

पावभाजी | १३ जून, रात्री ८:४०

पण भारतात अ‍ॅक्युपंक्चर आणलं ते आपल्या डॉ. कोटणीसांनी ना? तसा फॉरवर्ड आला होता. मराठी माणूस!

सोलापुरी चादर | १३ जून, रात्री ९:१२

नाही हो. आमच्या गावचे म्हणून मला फार आवडलं असतं, पण नाही. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे, १९१० चा जन्म. १९३८ ला काँग्रेसने चीनला पाच डॉक्टर पाठवले त्यात ते. नागपूरचे चोळकर होते, अलाहाबादचे अटल, आणि कलकत्त्याचे मुखर्जी व बसू. कोटणीस सर्जन. जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले, तिथेच लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच गेले. वय ३२. परत आलेच नाहीत तर आणणार काय?

आणलं ते त्याच पथकातल्या बिजॉयकुमार बसूंनी. पुन्हा चीनला जाऊन शिकले आणि १९५९ पासून कलकत्त्यात सुया देऊ लागले. पुढे बऱ्याच ठिकाणी लोकांनी या उपचारांना कोटणीसांचं नाव दिलं, लुधियानात तर त्यांच्या नावाचं अ‍ॅक्युपंक्चर हॉस्पिटल आहे. त्यातून हा घोळ झालेला असणार. लुधियानात कोटणीस आहेत आणि आमच्याकडची पोरं विचारतात कोण कोटणीस, हे जास्त टोचतं.

तिखटमीठ | १३ जून, रात्री ९:२०

"टोचतं". आलं लक्षात.

संपादक | १३ जून, रात्री १०:००

इतिहासासाठी वेगळा धागा काढता येईल. मूळ प्रश्न एका रुग्णाबद्दल आहे, तिकडे वळूया.

वऱ्हाडी ठेचा | १४ जून, सकाळी ६:४८

माझा अनुभव उलटा आहे म्हणून लिहितो. बाबांचे गुडघे. एका क्लिनिकमध्ये वीस सिटिंगचे पैसे आधीच भरून घेतले. पाचव्या दिवसापासून सुईच्या टोकाला कसलीतरी वाळलेल्या पाल्याची वळी लावून पेटवायला लागले. त्याला मोक्सा म्हणतात. एक दिवस राख पडली आणि बाबांना पोटरीवर रुपयाएवढा फोड. बाबांना शुगर, तो फोड भरायला महिना गेला. आजी असती तर म्हणाली असती, यापेक्षा बिब्ब्याचा डाग स्वस्तात दिला असता मी.

कहर म्हणजे एक दिवस घरी येऊन बाबा पाय धुवायला बसले तर घोट्याला एक सुई तशीच. मोजायचे विसरले. बाबा मोजे घालून, स्कूटरवर मागे बसून, वाटेत भाजी घेऊन घरी आले होते!

आणि तिथेही तेच, "बीपीची गोळी हळूहळू सोडा". पंधरा दिवस सोडली. वरचं १९० झालं तेव्हा आम्हाला कळलं. उरलेल्या सिटिंगचे पैसे बुडाले.

कोकणकन्या | १४ जून, सकाळी ७:३०

बाप रे. आमच्या बाई टोचताना मोठ्याने मोजायच्या आणि काढताना परत मोजायच्या. मला वाटायचं सवय आहे त्यांची. कारण आत्ता कळलं.

भूलवाला | १४ जून, रात्री ११:५५

ड्यूटीवरून आत्ता आलोय, म्हणून उशीर. भूलतज्ज्ञ आहे, बावीस वर्षं. वेदनेच्या ओपीडीत बसतो. सुया देतो, सगळ्यांना नाही.

मांजरपाट, तुमच्या आईंना जे होतंय ते नेमकं ठाऊक असलेलं दुखणं आहे. लेट्रोझोलच्या जातीच्या गोळ्या शरीरातलं इस्ट्रोजन जवळजवळ शून्यावर आणतात. कामच ते. पण सांध्यांना ते सोसत नाही. जवळपास निम्म्या बायकांना थोडंफार होतं. सकाळची ताठर बोटं, मनगट, गुडघे, आणि बऱ्याच जणी याच पायी गोळी गुपचूप सोडतात. डॉक्टरांना वाटतं घेतायत, कपाटात पट्ट्या साठलेल्या. तुमच्या आई निदान बोलल्या तरी.

शंकेखोरांशी मी अर्धा सहमत आहे. कंबर-गुडघ्यात खऱ्या-खोट्या सुयांतलं अंतर फार कमी निघतं, हे खरं. पण या विशिष्ट दुखण्यावर वेगळी चाचणी झालीय अमेरिकेत, २०१८ मध्ये छापून आली. २२६ बायका, सगळ्या याच गोळ्यांवर, सगळ्यांचे सांधे दुखणारे. गोळी कुणाचीच थांबवली नाही. काहींना खऱ्या सुया, काहींना खोट्या, काहींना नुसतं थांबायला सांगितलं. आठवड्यातून दोनदा, सहा आठवडे. शून्य ते दहाच्या मापावर वेदना खऱ्या सुयांत दोन अंकांनी उतरली, बाकी दोन्ही गटांत एकेक अंकाने. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे की खोट्या सुया आणि नुसतं थांबणं, दोघांत फरकच नव्हता. म्हणजे इथे "कुठेही टोचा" चाललं नाही. त्यावर आणि इतर कामावर विसंबून अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ च्या मार्गदर्शनात या सांधेदुखीसाठी अ‍ॅक्युपंक्चर द्यावं असं लिहिलंय.

पण एक अंक म्हणजे काय, हेही सांगायला हवं. सातचं सहा झालं तर कुणी पोळ्या लाटत नाही. काहींचं सातचं तीन होतं, काहींचं सातच राहतं, सरासरीत दोघी हरवतात. आईंचं काय होईल ते मी सांगू शकत नाही, त्या सुयावाल्यांनाही सांगता येणार नाही. पंधरा सिटिंगचा आकडा कुठून आला तो त्यांनाच विचारा.

ऑन्कोलॉजिस्टना सांगा. उडवून लावलं तरी सांगा. कारण सुयांच्या आधी त्यांच्याकडेच बरंच काही आहे: त्याच जातीतली दुसरी गोळी बदलून देता येते, कधी ते स्वतः दोन-तीन आठवडे थांबवून बघतात, ड्युलॉक्सेटिन नावाची गोळी काहींना लागू पडते, ड जीवनसत्त्व आणि हाडांची घनता बघायलाच हवी. आणि चालणं. दुखत असताना चाला म्हणणं चीड आणतं, पण व्यायामाने हे दुखणं कमी होतं हेही तपासून झालंय.

उजवा हात सोडा. काखेतल्या गाठी काढलेल्या बाजूला आम्ही सुई लावत नाही, हाताला सूज येण्याचा आणि जंतुसंसर्गाचा धोका नको. त्या चाचणीतही ज्या बाजूला सूज आहे तिकडे टोचत नव्हते. डावा हात, पाय, कान, एवढं पुरतं. छाती आणि खांद्याच्या वरच्या भागात खोल सुई घालू देऊ नका. फुफ्फुसाला छिद्र पडल्याच्या घटना थोड्या आहेत, पण आहेत. सुया एकदाच वापरायच्या, पाकीट समोर फोडायला सांगा. आपल्याकडे महाराष्ट्रात २०१५ चा अ‍ॅक्युपंक्चरचा स्वतंत्र कायदा आहे, परिषद आहे, नोंदणी होते. केंद्रानेही २०१९ ला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. तेव्हा नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. आणि कुणीही कुठलीही चालू गोळी बंद करा म्हणालं की तुम्ही पहिल्यांदा केलंत तेच करा. रिक्षा.

शंकेखोर | १५ जून, सकाळी ८:०४

भूलवाला, ती २०१८ ची चाचणी मी शोधून वाचली. आकडे बरोबर आहेत. पण स्वतः लेखकांनीच म्हटलंय की एवढ्या फरकाचं व्यवहारातलं महत्त्व नक्की नाही. शिवाय सुया देणाऱ्याला खरी कुठली, खोटी कुठली माहीत असतेच. त्याच्या चेहऱ्यावरून रुग्णाला कळत नसेल?

एवढं बोलूनही, माझी आई असती तर मी नेली असती. उजवा हात सोडून.

भूलवाला | १५ जून, सकाळी ८:३१

आक्षेप मान्य. चेहरा लपवायचा उपाय माझ्याकडे नाही, मास्क सोडून.

जर्सीकाका | १५ जून, सकाळी ९:१५

अमेरिकेतलं सांगतो. इथे म्हाताऱ्यांचा सरकारी विमा, मेडिकेअर, जानेवारी २०२० पासून जुनाट कंबरदुखीसाठी सुयांचे पैसे देतो. फक्त कंबर. पण नियम मला आवडला: नव्वद दिवसांत बारा सिटिंग, फरक दिसला तरच पुढच्या आठ, वर्षात वीसच्या वर नाही. फरक नाही, तर बंद. वऱ्हाडी ठेचांच्या बाबांना हा नियम असता तर फोड वाचला असता.

मांजरपाट, तुम्हीही आधीच ठरवून टाका किती दिवसांनी थांबायचं. एकदा सुरू झालं की "अजून चार घेऊ" संपत नाही. आमच्या हिला विचारा, तिचं योगाचं पॅकेज २०१४ पासून संपतंय.

मांजरपाट | १५ जून, रात्री १०:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. भूलवाला, तुमचा प्रतिसाद आईला फोनवर वाचून दाखवला. "कपाटात पट्ट्या साठलेल्या" इथे ती एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "दोन पट्ट्या आहेत." म्हणजे वीस दिवस तिने गोळी घेतलीच नव्हती, आणि मला कळलं ते आत्ता.

शुक्रवारी डॉक्टरांची वेळ घेतलीय. रजा टाकून नाशिकला जातेय.

आज्जी_ऑनलाइन | १५ जून, रात्री १०:५२

बाळा, आईवर रागावू नकोस हो. मीही सोडली होती, २०११ साली, दोन महिने. सांगणार कुणाला? सगळे म्हणतात, बरी झालीस ना, मग आता काय दुखतंय. सुयांची अक्कल तेव्हा कुणी दिली नाही. डॉक्टरांनी गोळी बदलली आणि मी सकाळी गरम पाण्याच्या पातेल्यात हात बुडवून बसायचे. पाच वर्षं काढली. तुझी आईही काढेल.

मांजरपाट | २१ जून, रात्री ९:३३

जाऊन आलो. डॉक्टरांनी उडवून नाही लावलं. गोळी सोडली होती हे आईने स्वतःच सांगितलं, मान खाली घालून. ते एवढंच म्हणाले, "सांगितलंत ते बरं केलंत, निम्म्या जणी सांगत नाहीत." गोळी तूर्त तीच. ड जीवनसत्त्व फारच कमी निघालं, ते सुरू केलं, आणि चालणंही. सुयांबद्दल म्हणाले, हरकत नाही, उजवा हात नको, आणि सहा आठवड्यांनी मला दाखवा. एका फिजिशियन बाईंचं नाव दिलं, नोंदणी आहे, सिटिंगचे पाचशे, आगाऊ काही नाही. पहिल्या दिवशी आठ सुया लावल्या. बाबा बाजूला बसून मोजत होते. काढताना "बाईसाहेब, आठवी?" म्हणून अंगठ्याकडे बोट दाखवलं. वऱ्हाडी ठेचा, ही तुमची कृपा.

जर्सीकाकांचंही ऐकलंय. आईला एक वही दिलीय. सकाळी पूर्ण मूठ वळली की वेळ लिहायची, बाकी काही नाही.

तिखटमीठ | २१ जून, रात्री ९:४१

बाबांना नोंदणी क्रमांक द्या.

शंकेखोर | ३ ऑगस्ट, सकाळी १०:११

धागा वर आणतोय. सहा आठवडे झाले. विदा (डेटा) द्या.

मांजरपाट | ४ ऑगस्ट, रात्री ११:०८

वही समोर घेऊन बसलेय. आईचं अक्षर पहिल्या पानांवर वाकडं आहे, पेन धरवत नव्हतं. जशी आहे तशी उतरवते:

२३ जून – ९:५०. २४ जून – ९:४०. २५ जून – वळली नाही. २ जुलै – ९:१५. ९ जुलै – ९:३०, पाऊस. १४ जुलै – ८:४५. २१ जुलै – ८:२०. २२ जुलै – ९:३५, रात्री जागरण, दादाच्या मुलाला ताप. ३० जुलै – ८:१०. १ ऑगस्ट – ८:१५.

उठते साडेसहाला. म्हणजे सव्वातीन तासांवरून पावणेदोन तासांवर आलंय. गुडघे आहेत तसेच, त्यांना काहीच फरक नाही असं ती ठामपणे म्हणते. पोळ्या अजून बाबाच विकत आणतात. बरणीचं झाकण उघडतं, पण काकूंकडे अजूनही जाते, त्यांच्याकडे चहा होतो म्हणून.

गोळी रोज चालू. पट्ट्या मी मोजल्या, ती मोजू देते.

शंकेखोर | ५ ऑगस्ट, सकाळी ७:४९

छान. पण सुया, ड जीवनसत्त्व आणि चालणं एकाच वेळी सुरू केलंत. यातलं कशाने झालं?

मांजरपाट | ५ ऑगस्ट, सकाळी ९:००

माहीत नाही. मीही आईला हेच विचारलं. ती म्हणाली, "शोधायला एकेक बंद करून बघायचं ना? मग राहू दे."

भूलवाला | ५ ऑगस्ट, दुपारी ३:१८

ऑन्कोलॉजिस्टना ती वही दाखवा, नुसतं "बरं आहे" सांगू नका. गुडघ्यांचंही सांगा, तिथे गोळी बदलण्याचा विचार होऊ शकतो. सुया आता आठवड्यातून एकदा करून बघा, त्या चाचणीतही पहिल्या सहा आठवड्यांनंतर तसंच केलं होतं.

पावभाजी | ५ ऑगस्ट, दुपारी ४:०२

केस गळण्यावर चालतात का या सुया?

तिखटमीठ | ५ ऑगस्ट, दुपारी ४:०५

मेथी लावा. मोड आले की केसच.

गोदावरीचं पाणी | ६ ऑगस्ट, रात्री ८:२७

नवीन सदस्य आहे. माझ्या मोठ्या बहिणीला अगदी हेच, हीच गोळी, तिसरं वर्ष. आम्हीही नाशिकलाच. त्या बाईंचा नंबर व्यक्तिगत निरोपाने (व्यनि) कळवाल का प्लीज?

मांजरपाट | ६ ऑगस्ट, रात्री ९:१४

केलाय. जाताना वही घेऊन जा.